बाहेरचा माणूस, वरचा माणूस

रायपूरहून भिलाईच्या दिशेनं निघालं की रस्त्याच्या कडेला पाट्या लागतात. हिंदीत ‘आगे विद्यालय है’, इंग्रजीत ‘स्कूल अहेड’. पुढं कुठंतरी ‘स्पीड ब्रेकर अहेड’. महाराष्ट्रात शिरलं की हीच पाटी ‘पुढे शाळा आहे’ अशी होते. हिंदी आणि मराठी पाटी पूर्ण वाक्य बोलते. इंग्रजी पाटी क्रियापदाच्या भानगडीत पडत नाही. ती नुसतं नाम ठेवते आणि त्याच्या मागून एक लहानसा शब्द जोडते. माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येकानं ही पाटी लहानपणापासून वाचलेली असते. तरीही ‘पुढचा रस्ता खराब आहे’ हे इंग्रजीत सांगा म्हटलं की उत्तर येतं, ‘अहेड रोड इज बॅड’. ‘द रोड अहेड’ हे काही केल्या तोंडातून निघत नाही.

समता कॉलनीत मी बोलण्याचं आणि कामकाजाचं इंग्रजी शिकवते. काळ, उच्चार, शब्दसंग्रह हे सगळं शिकवावंच लागतं. पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते या एका गोष्टीनं: इंग्रजीत ‘इथे’, ‘तिथे’, ‘वर’, ‘बाहेर’, ‘काल’, ‘उद्या’ अशा अर्थाचे शब्द नामाच्या मागून येऊन त्याच्याशी जोडले जातात, आणि आपल्या भाषांत तेच काम नामाच्या आधी होतं. व्याकरणाच्या पुस्तकात याला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. बोलताना मात्र दर दोन-चार वाक्यांमागे ते लागतं.

समता कॉलनी जी. ई. रोडला लागून आहे. शेजारी चौबे कॉलनी, तिथं महाराष्ट्र मंडळ. आझाद चौकाकडून शहरात शिरलं की तात्यापारा, इथल्या मराठी माणसांची जुनी वस्ती. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला नर्सिंग केलेल्या मुली येतात, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला लागलेली मुलं येतात, बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारे येतात, आणि मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेले काका-काकूही येतात. सगळ्यांची समाईक भाषा हिंदी. घरी कुणाची छत्तीसगढी, कुणाची ओडिया, कुणाची मराठी. आमची रायपूरची मराठी नागपूरच्या अंगानं जाणारी आहे, ‘काय करून राहिले?’ असं विचारणारी. त्यात नवल नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात इथवर पोहोचली होती, बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत, आणि 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती.

मराठीतून हिंदीत जाताना या बाबतीत काही अडत नाही. ‘इथला’चं ‘यहाँ का’ होतं, ‘कालची’चं ‘कल की’ होतं. शब्द आपापल्या जागी राहतात, फक्त प्रत्यय बदलतो. माधवराव सप्रे ह्याच रायपुरात राहिले, 1926 मध्ये इथंच वारले. 1900 मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि पुढं दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणलं. एवढे मोठे ग्रंथ एका भाषेतून दुसरीत नेताना त्यांना विचारांचे डोंगर चढावे लागले असतील, पण ‘आतला’, ‘बाहेरचा’, ‘पूर्वीचा’ या शब्दांची जागा हलवावी लागली नाही. इंग्रजीच्या दारात आलं की ती हलवावी लागते.

हे किती बारीक आणि किती महत्त्वाचं आहे, ते मला तिल्द्याहून येणाऱ्या एका मुलीमुळं नीट कळलं. बी. एस्सी. नर्सिंग झालेली, रोज लोकलनं यायची. कामात हुशार, औषधांची नावं आणि मात्रा तोंडपाठ. मुलाखतीत पाळी बदलताना पुढच्या नर्सला माहिती कशी द्याल, हे विचारतात, म्हणून आम्ही त्याचा सराव करत होतो. ती म्हणाली, ‘अपस्टेअर पेशंट हॅज पेन. यस्टरडे डोस वॉज लेट.’

मी तिला हिंदीत विचारलं, काल डोस उशिरा दिला, की कालचा डोस उशिरा दिला?

ती थबकली. मग म्हणाली, ‘मॅडम, कल का डोस. वो आज सुबह दिया.’

म्हणजे डोस कालचा, पण दिला आज. तिच्या इंग्रजी वाक्यातून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की काल उशिरा का होईना, डोस दिला गेला. हिंदीत ‘कल’ आणि ‘कल का’ यांत जो फरक तिनं क्षणात केला, तो इंग्रजीत कसा करायचा हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. इथं उत्तर होतं ‘यस्टरडेज डोस वॉज गिव्हन धिस मॉर्निंग’. आणि वरच्या मजल्यावरच्या रुग्णासाठी ‘द पेशंट अपस्टेअर्स’.

मग वर्गातल्या दुसऱ्या एका मुलानं विचारलं, ‘वर’ मागून लावायचं तर ‘काल’ का नाही लावायचं? ‘द डोस यस्टरडे’ का नाही? प्रश्न अगदी रास्त होता. फळ्यावर आम्ही ‘कालचा’ लागणाऱ्या गोष्टी लिहीत गेलो. कालची मीटिंग, कालचं भांडण, कालचा पाऊस, कालची मॅच. दुसऱ्या बाजूला कालची भाजी, कालचं वर्तमानपत्र, कालचं दूध. मराठीत, हिंदीत सगळ्यांना एकच प्रत्यय. इंग्रजीत मात्र पहिल्या यादीतल्या गोष्टींना ‘यस्टरडे’ मागून बिनदिक्कत लागतो: ‘द मीटिंग यस्टरडे’, ‘द फाइट यस्टरडे’, ‘द मॅच यस्टरडे’. दुसऱ्या यादीत तो बसत नाही. ‘कालचं वर्तमानपत्र आण’ म्हणायचं तर ‘यस्टरडेज पेपर’ असंच म्हणावं लागतं, शिळी भाजीही ‘यस्टरडेज’च. पहिल्या यादीतल्या गोष्टी घडतात. त्या काल घडल्या, म्हणून ‘काल’ त्यांच्या मागं जाऊन बसतो. भाजी घडत नाही, ती उरते, आणि आजही डब्यात असते. डोसाचं तसंच. तो कालच्या वाट्याचा होता, पण दिला गेला दुसऱ्या दिवशी.

ही विभागणी मुलांनी स्वतः फळ्यावर केली, म्हणून ती त्यांच्या लक्षात राहिली. मी नियम म्हणून सांगितली असती तर वहीत राहिली असती.

आता पुस्तकाकडे वळते, कारण अडचणीचं एक मूळ तिथं आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण शाळांत चालत आलं आहे. त्यातली क्रियाविशेषणाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते: क्रियापद, विशेषण किंवा दुसरं क्रियाविशेषण यांच्याबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द. नाम या यादीत नाही. मूल आज्ञाधारक असतं. ‘अपस्टेअर्स’ क्रियाविशेषण आहे, ते नामाला लागू शकत नाही, मग नामाला लावायचं तर त्याचं विशेषण करायला हवं, आणि विशेषण तर नामाच्या आधी येतं. घरच्या भाषेतही ‘वरचा’ आधीच येतो. दोन्हीकडून एकच सल्ला मिळाला की मूल ‘अपस्टेअर पेशंट’ म्हणणारच. त्याला आळशी किंवा कच्चं म्हणण्यात अर्थ नाही. त्यानं जे शिकवलं गेलं तेच तर्काला धरून केलं आहे.

मोठ्या व्याकरणकारांनी ही जागा कधीच नोंदवून ठेवली आहे. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या विस्तृत इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषण नामाच्या मागून येऊन नामाचंच वर्णन करतं, हे सरळ मान्य केलेलं आहे. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या केंब्रिज व्याकरणानं तर ‘हिअर’, ‘आउटसाइड’, ‘अपस्टेअर्स’ यांना क्रियाविशेषण म्हणायचंच सोडलं. ते यांना पुढं काही जोडलेलं नसलेली प्रीपोझिशन मानतात. नाव कोणतं द्यावं हा विद्वानांचा वाद आहे आणि तो जरूर चालावा. तिल्द्याच्या मुलीला नावाची गरज नाही, जागेची आहे. पण शाळेतली व्याख्या तिच्या वाटेत आडवी येते, म्हणून ती व्याख्या अपुरी आहे हे शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे.

मराठी शाळेत शिकलेल्यांजवळ इथं एक ठेवा आहे आणि त्याची त्यांना कल्पना नसते. आपल्या शालेय व्याकरणात ‘अव्ययसाधित विशेषण’ नावाचा प्रकार आहे: वरचा मजला, खालची बाजू, पुढचं घर, मागचं दार. ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’, ‘मागे’ ही अव्ययं. ‘चा’ किंवा ‘ला’ लागला की ती नामाला चिकटतात आणि त्याच्या लिंगवचनाप्रमाणं बदलतात. कधी ‘चा’, कधी ‘ला’: बाहेरचा, पण आतला, वरचा, पण इथला आणि मधला. आपल्या व्याकरणकारांनी हे इतकं स्वच्छ ओळखलं, त्याला वेगळं नाव दिलं. म्हणून माझ्या वर्गातल्या मराठी विद्यार्थ्याला मी एवढंच सांगते की, तुझ्या मराठी वाक्यात ‘चा’ किंवा ‘ला’ कुठं आला ते आधी बघ. ‘काल मीटिंग लांबली’ म्हणायचं आहे की ‘कालची मीटिंग लांबली’? पहिल्यात ‘काल’ लांबण्याला लागतो, दुसऱ्यात मीटिंगला. ‘चा’ आला की इंग्रजी शब्द नामाला जोडून आण, क्रियापदाच्या आधीच: ‘द मीटिंग यस्टरडे रॅन लेट’. ‘चा’ नसेल तर तो वाक्याच्या टोकाला जाऊ दे.

इंग्रजी ही खूण दाखवत नाही. ‘आय मेट द मॅन अपस्टेअर्स’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: वरच्या माणसाला भेटलो, किंवा त्या माणसाला वर भेटलो. इंग्रजी बोलणारा ते प्रसंगावर सोडून देतो. मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत असं अधांतरी ठेवता येत नाही. बोलणाऱ्याला ठरवावंच लागतं. या एका मुद्द्यावर आपल्या भाषा इंग्रजीपेक्षा नेमक्या आहेत. हे मी वर्गात मोठ्यानं सांगते, कारण माझ्यासमोर बसलेल्या बऱ्याच मुलांना वाटत असतं की त्यांच्याजवळ एक ओबडधोबड भाषा आहे आणि ते एका सुबक भाषेकडे निघाले आहेत.

‘द मॅन अपस्टेअर्स’ इंग्रजीत देवालाही म्हणतात, हे सांगितलं तेव्हा वर्गात एकदम जीव आला. ‘ऊपरवाला!’ तीन-चार जण एकदम ओरडले. तो शब्द त्यांना पुन्हा कधी समजवावा लागला नाही.

छत्तीसगढीबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं. गावाकडून येणारी मुलं वर्गात छत्तीसगढी बोलायला लाजतात. घरी आईशी फोनवर बोलायचं असेल तर जिन्यात जाऊन बोलतात. मी त्यांना फळ्याशी बोलावते आणि ‘इथले लोक’ त्यांच्या भाषेत लिहायला लावते: ‘इहाँ के मनखे’. ‘कालची गोष्ट’ लिहायला लावते: ‘काली के गोठ’. मग हिंदीवाल्यांना विचारते, यात तुमच्या ‘का-की-के’सारखा काही बदल दिसतो का? दिसत नाही. छत्तीसगढीत लिंग बदललं तरी ‘के’ तसाच राहतो. म्हणजे या मुलांना हिंदी आणि मराठी मुलांपेक्षा एक ओझं कमी आहे. त्यांचं सगळं लक्ष जागेवर राहू शकतं. मग मी त्यांना धमतरीच्या हीरालाल काव्योपाध्यायांबद्दल सांगते. त्यांनी 1885 मध्ये छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं आणि भाषापंडित ग्रियर्सननं ते इंग्रजीत आणून 1890 मध्ये छापलं. धमतरी इथून काही फार लांब नाही. या मुलांपैकी काही त्याच बाजूची असतात. ज्या बोलीला ते गावठी समजतात, तिचं व्याकरण एका शिक्षकानं सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहून ठेवलं आहे आणि ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचलंही आहे, हे ऐकल्यावर ती मुलं ताठ बसतात. माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं इंग्रजी तिथंच निम्मं शिकून होतं.

जागेचे शब्द वेळेच्या शब्दांहून सोपे असतील असं वाटतं, पण तिथं वेगळीच गंमत आहे. काही शब्द फक्त मागूनच येतात: ‘पीपल हिअर’, ‘द शॉप्स देअर’, ‘अ ट्रिप अब्रॉड’, ‘द वे बॅक’, ‘द जर्नी होम’. यांना नामाच्या आधी ओढता येत नाही, आणि नेमकं तेच आपण करतो: ‘अब्रॉड ट्रिप’ तर इतकं रुळलं आहे की जाहिरातींतही दिसतं. काही शब्द दोन्हीकडे चालतात: ‘द अपस्टेअर्स फ्लॅट’ आणि ‘द फ्लॅट अपस्टेअर्स’, ‘नीअरबाय शॉप्स’ आणि ‘शॉप्स नीअरबाय’. आणि ‘देन’ हा एक हट्टी शब्द. ‘तत्कालीन मुख्यमंत्री’ म्हणायचं तर तो आधीच येतो, ‘द देन चीफ मिनिस्टर’.

दोन्हीकडे चालणाऱ्या शब्दांत अर्थ बदलतो, आणि तोच भाग मला शिकवायला सगळ्यात आवडतो. सिनेमागृहाच्या दारावर पाटी असते, ‘आउटसाइड फूड नॉट अलाउड’. बाहेरून आणलेलं खाणं, तो एक प्रकार झाला. तुम्ही ते आत घेऊन बसलात तरी ते ‘आउटसाइड फूड’च राहतं. ‘द फूड आउटसाइड’ म्हटलं तर बाहेर ठेवलेलं किंवा बाहेर मिळणारं खाणं, आत्ता जे तिथं आहे ते. हॉटेलात काम करणारा एक मुलगा सरावात पाहुण्याला फोनवर सांगत होता, ‘सर, आउटसाइड मॅन इज वेटिंग फॉर यू.’ ऐकणाऱ्याला वाटेल, कुणी परका, संशयास्पद माणूस आला आहे. मराठीतही ‘बाहेरचा माणूस’चे दोन अर्थ होतात, परका आणि दाराबाहेर उभा असलेला, पण आपण ते बोलण्याच्या ओघात वेगळे करतो. इंग्रजी ते जागेनं वेगळे करतं. ‘देअर इज अ मॅन आउटसाइड’ म्हटलं की पाहुणा निवांत खाली येतो.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी 1967 मध्ये इंग्रजी विशेषणांबद्दल असाच फरक दाखवला होता. नामाच्या आधी आलेलं विशेषण गोष्टीचा कायमचा गुण सांगतं, मागून आलेलं त्या वेळेपुरती स्थिती सांगतं. त्यांनी ताऱ्यांचं उदाहरण घेतलं. ‘व्हिजिबल स्टार्स’ म्हणजे डोळ्यांना दिसू शकणारे तारे, मग आत्ता दिवस का असेना. ‘द स्टार्स व्हिजिबल’ म्हणजे आज, आत्ता दिसत असलेले. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातलं ‘आउटसाइड फूड’ मला नीट समजलं.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक मराठी काका मुलीकडे अमेरिकेला जायचं म्हणून यायचे. 1959 मध्ये पहिली भट्टी पेटली आणि भिलाईनं जी देशभरची माणसं ओढून आणली, त्यांतल्या एका कुटुंबातले. त्यांचं कागदावरचं इंग्रजी पक्कं होतं. आयुष्यभर अहवालांत ‘द टेबल बिलो’, ‘द फिगर अबव्ह’ लिहिलं होतं. बोलताना मात्र ‘डाउनस्टेअर बाथरूम’, ‘देअर पीपल’, ‘टुमारो फ्लाइट’. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्हाला हे येतंच. तक्ता खाली असतो तसं बाथरूमही खाली असतं. ‘द टेबल बिलो’ तसं ‘द बाथरूम डाउनस्टेअर्स’. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘मॅडम, म्हणजे हे मी चाळीस वर्षं लिहून राहिलो होतो!’ त्यानंतर ते पानभर उदाहरणं स्वतः करून आणू लागले. मोठ्या माणसांना शिकवताना त्यांच्या कामातलं काहीतरी सापडलं की बाकीचं आपोआप येतं. मुलांना वाटतं त्याहून इंग्रजी त्यांच्या आसपास जास्त आहे. ‘इंडिया टुडे’ हे नियतकालिक 1975 पासून निघतं आहे. ‘आजचा भारत’ याला इंग्रजीत ‘टुडे इंडिया’ म्हणत नाहीत, हे त्याच्या मुखपृष्ठावर पन्नास वर्षं लिहिलेलं आहे.

मागून लागणाऱ्या ‘ओन्ली’बद्दल लोक आपल्याला नावं ठेवतात. ‘टुडे ओन्ली आय केम’, ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’. हा ‘ओन्ली’ आपल्या ‘च’चा आणि हिंदीच्या ‘ही’चा भाऊ आहे, छत्तीसगढीतही मराठीसारखाच ‘च’ शब्दाच्या शेवटी लागतो. आपण आजच, असाच म्हणताना जोराचं अक्षर नामाला किंवा शब्दाला मागून लावतो आणि तीच सवय इंग्रजीत नेतो. आता, नामाच्या मागून ‘ओन्ली’ लावणं इंग्रजीला अजिबात परकं नाही. ‘लेडीज ओन्ली’, ‘कॅश ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’ हे त्यांचेच फलक. तिथं तो ‘फक्त’ सांगतो, बाकीच्यांना वगळतो. आपला ‘च’ पुष्कळदा वगळत नाही, नुसता ठासून सांगतो, आणि ते काम इंग्रजी आवाजाच्या चढउतारानं करतं. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी ठासणारा ‘ओन्ली’ टाळायला सांगते. घरात, मित्रांत तो त्यांनी खुशाल ठेवावा. तो आपल्या भाषांच्या पोटातून आला आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. हा भाग यादी देऊन शिकवला तर येत नाही. मी सुरुवातीला अशा शब्दांच्या छापील याद्या पाहिल्या होत्या. त्यांत ‘हिअर’ आणि ‘क्विकली’ शेजारी-शेजारी असतात, कारण दोन्ही क्रियाविशेषणं. पण ‘द मॅन हिअर’ होतं, ‘द मॅन क्विकली’ होत नाही. रीत सांगणारे शब्द नामाला लागत नाहीत. जागा, वेळ आणि दिशा सांगणारे लागतात. आणि हे आपल्या भाषांना आधीपासून माहीत आहे: ‘इथला’ होतं, ‘पटकनचा’ होत नाही. ज्या शब्दाला मराठीत ‘चा’ किंवा ‘ला’ सहज लागतो, त्याचा इंग्रजी जोडीदार बहुतेक वेळा नामाच्या मागून चालतो. अपवाद आहेत, पण शिकणाऱ्याला उभं राहायला एवढी जमीन पुरते.

म्हणून मराठी आणि हिंदी मुलखात इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. वर्गात घरची भाषा बंद करू नका. ‘ओन्ली इंग्लिश’ असे फलक लावलेल्या वर्गांत मुलं गप्प बसतात आणि चूक कुठून येते ते शिक्षकाला कधी कळतच नाही. मुलाला आधी मराठीत, हिंदीत, छत्तीसगढीत, त्याच्या आईशी बोलतो तसं बोलू द्या. त्यात ‘चा’, ‘का’, ‘के’ कुठं येतो ते त्यालाच दाखवायला सांगा. मग रस्त्यावरच्या पाट्या, दुकानांचे फलक, मासिकांची नावं वाचायला लावा. तिल्द्याची ती मुलगी आता नर्स म्हणून कामावर आहे, आणि पाळी बदलताना कोणता डोस कालचा आणि कोणता आजचा हे ती स्पष्ट सांगते.